तारेवरचं बिऱ्हाड

गेल्या फाल्गुनात मी एक घर पाडलं. राहतं नव्हे, बांधकाम चालू असलेलं. नोटीस दिली नाही, पंचनामा केला नाही. हातात बांबूला बांधलेला झाडू होता, तेवढ्याच अधिकारावर पाडलं.

होळी होऊन दोनेक दिवस झाले होते. रविवार होता. मी शाळेत बाबू आहे, आणि सुटीच्या दिवशी घरात बसलेल्या बाबूला एकदम स्वच्छतेची उबळ येते. आमच्या परसात नहाणीच्या भिंतीपासून शेवग्याच्या खोडापर्यंत कपडे वाळत घालायची तार आहे. तिच्या मधोमध कोळिष्टकाचा एक गोळा लोंबत होता. त्यात वाळकं गवत, सालीचे कपटे, कडुनिंबाची पिवळी पानं, आणि होळीच्या साखरगाठीचा दोरासुद्धा. घरात कोणाचं लक्षच नाही, असं म्हणत मी एक फटका मारला. गोळा खाली आला. तो चपलेनं कोपऱ्यात सारला आणि मंगलनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पाहावं म्हणून जरासा खाकरलो.

तेवढ्यात एक पाखरू आलं. अंगठ्याएवढं, मातकट, पोटाशी फिकट पिवळं. चोचीत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा. गोळा जिथे होता त्याच जागी ते हवेत थरथरत उभं राहिलं. खाली गेलं, वर आलं, पुन्हा त्याच जागी. मग तारेवर बसलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चोचीतला धागा मात्र त्यानं टाकला नाही.

"अहो, ते जाळं नोहोतं," नळाखाली भांडी घासणारी मंगल म्हणाली. "आठ दिवसांपासून खोपा बांधून राह्यली ती."

"मंग सांगायचं नाही का?"

"तुम्ही झाडू घेऊन बाहीर येसान हे मले काय माहीत? लग्नाले सव्वीस वर्षं झाले. आजच आले."

हे सगळं आज आठवायचं कारण शेवगा. परवा सकाळी दात घासत परसात उभा होतो, तर बनियनवर पांढरी फुलं टपटपली. म्हणजे वर्ष फिरून आलं. शेवगा फुलला की त्याच्या फुलांवर हे पाखरू येतं, आणि ते आलं की माझा हात आपोआप मागे जातो. झाडू धरलेला असो वा नसो.

आमचं धामणगाव बढे काही वसंतासाठी नावाजलेलं गाव नाही. बुलढाण्याचे लोक घाटावर राहतात. त्यांच्याकडे गार वारा असतो आणि त्या वाऱ्याचा अभिमानही असतो. आम्ही घाटाखालचे. राजूरचा घाट उतरताना एस.टी.च्या खिडकीतून येणारी हवा कोणत्या वळणावर गरम होते, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. वसंत वगैरे शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात ठेवले आहेत. बाहेर त्याला नुसतं 'तपून राह्यलं' म्हणतात. आणि तरी याच दिवसांत घाटातला पळस अंगावर एक पान न ठेवता पेटलेला असतो. कडुनिंब पंधरा दिवसांत म्हातारा होऊन पुन्हा बाळ होतो. आधी अंगणभर पिवळी पानं, मग तांबूस कोवळी पालवी, मग तो मोहर, ज्याचा वास गोड की कडू हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुपारी सगळं गाव गप्प असतं तेव्हा तांबट पक्षी कुठेतरी पानांत बसून ठुक् ठुक् करत राहतो. लहानपणी मला वाटायचं, कोणीतरी लांब भांडं ठोकतंय आणि ते कधीच पुरं होत नाही.

हे सगळं पूर्वीही होतंच. मी पाहत नव्हतो. परस म्हणजे माझ्या लेखी टॉवेल वाळत घालायची जागा. पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही एक गुन्हा करून झाल्यावर, मला परस दिसायला लागलं.

तर तिसऱ्या दिवशी त्या मादीनं पुन्हा बांधायला घेतलं. त्याच तारेवर, त्याच जागी. एखादा माणूस असता तर निदान मोहल्ला बदलला असता. मी ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसलो. पुस्तकात या पक्ष्याला शिंजीर म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव 'ते नखाएवढं'. सगळं बांधकाम एकटी मादी करते. आधी जाळ्याच्या धाग्यांनी तारेला घट्ट गाठ, मग त्याला लोंबती पिशवी, मग पिशवीला बाजूनं दार, आणि दारावर चक्क पागोळी, म्हणजे पुढे आलेलं इवलंसं छप्पर. आमच्या घराला पागोळी काढायला मिस्त्रीनं दोन उन्हाळे घेतले होते.

नर दिसायला देखणा. उन्हात आला की काळ्याचा जांभळा, जांभळ्याचा निळा. बांधकामाकडे मात्र तो फिरकत नसे. शेवग्याच्या शेंड्यावर बसून गात असे, आणि गाऊन झालं की माझ्या स्कूटरच्या आरशाशी भांडत असे. आरशात त्याला दुसरा नर दिसायचा. चोचीनं आरसा ठोकठोक ठोकायचा, मागे जाऊन पाहायचा, कोणी नाही, पुन्हा पुढे येऊन ठोकायचा.

"बायको राब राब राबून राह्यली अन् हा आरशात तोंड पाहून राह्यला," मंगल म्हणाली. हे ती नराबद्दल म्हणाली, असं मी धरून चाललो. शेवटी मी आरशावर माझे दोन मोजे चढवले. शाळेत जाताना ते काढायचे विसरलो आणि अख्खा बाजार तसाच पार केला.

तारेचे नियम बदलले. घरट्याच्या दोन्ही बाजूंना हात हातभर जागा मोकळी. चादरी भिंतीवर, साड्या ओट्याच्या कठड्यावर, आणि माझे कपडे 'जिथं जागा सापडन तिथं'. पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी तोडायची तर मी चवड्यावर चालत पार पलीकडच्या टोकाला, शेजारून झुकलेल्या फांदीपाशी गेलो. मंगल म्हणाली, "चोरी करून राह्यले का?" पण आवाज तिनंही हळूच ठेवला होता.

मग मादी आत बसली. बसली म्हणजे दिसेनाशी झाली. दारातून फक्त तिची बाकदार चोच बाहेर. भर दुपारी लू सुटली की पिशवी झोक्यासारखी हलायची आणि ती चोच तिच्यासोबत हलायची. मी खुर्चीत, ती घरट्यात. दोघंही आपापल्या जागी चिकाटीनं बसलेले. फरक एवढाच की तिच्या बसण्यातून काही निष्पन्न होणार होतं.

एके सकाळी भिंतीवर भारद्वाज आला. तांबडे पंख, काळं अंग, लाल डोळे, चालणं मोठ्या शेतकऱ्यासारखं दमदार. भारद्वाज दिसणं शुभ. शाळेच्या वार्षिक तपासणीचा दिवस होता आणि मला शुभाची गरज होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि हात जोडले. भारद्वाजानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो भिंतीवरून शेवग्यावर आला, शेवग्यावरून तारेच्या गाठीशी वाकला, मान लांब केली.

स्वयंपाकघरातून लाटणं भिरभिरत आलं. माझ्या कानाजवळून गेलं, शेवग्याच्या खोडाला लागलं. भारद्वाज उडाला.

"आवो, तो अंडे खाते!" मंगल दारात उभी. हाताला पीठ. "नमस्कार काय करून राह्यले त्याले?"

शकुन आणि शिकारी एकाच पक्ष्यात असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर शेवग्याच्या खोडाला आम्ही बोरीच्या काट्या बांधल्या. बांधल्या मी, रक्त निघालं माझं, सूचना तिच्या.

याच दिवसांत आमची मुलगी, पल्लवी, पुण्याला एका दवाखान्यात नर्स म्हणून लागून दोनेक महिने झाले होते. पहिल्या आठवड्यात मी तिला दिवसातून चार-पाच वेळा फोन करत असे. जेवली का, रूमला कुलूप लावलं का, पाणी उकळून पिते का. ती एकदा शांतपणे म्हणाली, "बाबा, मी इथं लोकायचा बीपी घेतो. तुमच्या फोननं माहा वाढते." मंगल स्वतःहून कधी फोन करत नसे. फोन वाजला की मात्र हातातलं काम तिथेच टाकायची. पाखराचा विषय निघाला आणि माझी सोय झाली. आता फोन करायला कारण होतं. मी रोज बातमी देऊ लागलो. आज चोच दिसली. आज नर गप्प होता. आज मुंगळे आले, हळद टाकली. पल्लवी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पिल्लं उडतीन तवा व्हिडिओ पाठवा, बाबा. विसरजा नका."

आता कुरोड्यांकडे येतो. आमच्याकडे चैत्रात घराघरात कुरोड्या, तुमच्या भाषेत कुरडया, होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नव्या कुरोड्या तळून ताटात पडल्या पाहिजेत. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्यांचा चीक काढायचा. चीक रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे मोठ्या पातेल्यात चुलीवर शिजवून, सोऱ्यातून पिळून, खाटेवर उन्हात. यात एक गोष्ट पक्की असते. गहू एकदा भिजले की मागे फिरता येत नाही. चीक कोणासाठी थांबत नाही. चुकला एक दिवस, की आंबला.

मंगलनं मला विचारलं होतं, "कवा टाकू गहू? पिल्लं कवा उडतीन?" मी पल्लवीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर दिवस मांडले आणि ठामपणे सांगितलं, "हनुमान जयंतीले परस मोकळं." आयुष्यभर इतरांच्या रजा मोजणाऱ्या माणसानं यात एक साधी गोष्ट धरली नाही. अंड्यावर बसायचे दिवस धरले, पिल्लं वाढायचे धरलेच नाहीत. ज्या संध्याकाळी दोन पायल्यांचा चीक तयार होऊन घागरीत निवळत होता, त्याच संध्याकाळी मादी चोचीत कोळी घेऊन आली. घरट्याच्या दारात दोन चिमुकली, नारिंगी, उघडी तोंडं वर आली.

मी आनंदानं ओरडणार होतो. मंगलचा चेहरा पाहून थांबलो. चूल मांडायची जागा बरोबर तारेखाली. तिथेच ऊन, तिथेच खाटा, तिथेच येणाऱ्या चार-पाच बायका. समोरच्या बाजूनं रस्ता, धूळ आणि सगळ्या गावच्या बकऱ्या. वर गच्ची नाही, टिनपत्रं.

"गॅसवर नाही का होणार?" मी विचारलं.

"दोन पायल्याचा? सत्यनारायणाचा शिरा आहे का तो?"

"मंग एक दिवस थांबू."

"अन् चीक? त्याले सांगता का तुम्ही, थांब म्हणून?"

ती बराच वेळ पायरीवर बसली. एकदा घागरीकडे पाहायची, एकदा तारेकडे. वर्षभराच्या कुरोड्या, पुण्याला पाठवायचा डबा, बायकांना दिलेलं आवतन, हे सगळं एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला धूर गेला तर दहा मिनिटांत संपतील असे दोन जीव. मला वाटलं, आता ती मला काहीतरी लागेल असं बोलेल. ती उठली, पदर खोचला आणि भिंतीकडे चालू लागली.

त्या भिंतीबद्दल सांगायला हवं. भिंतीपलीकडे माझा थोरला भाऊ राहतो. सात वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि परसाच्या मधून ही पुरुषभर भिंत आली. भावाभावांचं काही बिनसलं नव्हतं. बिनसलं ते कुरोड्यांवरून. वाटणीच्या वर्षी वहिनी मंगलला चारचौघींत म्हणाल्या होत्या, "तुह्या कुरोड्या लाल झाल्या वं. चिकाचं पानी नीट काढलं नाही तू." शेतीची वाटणी, भांड्यांची वाटणी सगळं पचलं. हे पचलं नाही. तेव्हापासून दोन घरांत दोन चुली, दोन सोरे. लग्नाकार्यात बोलणं, बाकी नाही.

मंगल धुण्याच्या दगडावर चढली.

"ताई! ओ ताई!"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "कोन?"

आवाज ओळखू येऊ नये इतकी ती भिंत जाड नाही. पण वहिनींना विचारावंसं वाटलं असेल.

"मी, मंगल. उद्या तुमच्या आंगनात चूल मांडू का? चीक काढून झाला हाय."

"काऊन? तुह्या आंगनात ऊन नाही पडत का आता?"

"पडते. पन तारेवर पाखराचे पिल्लं हायेत. आजच निंगाले. धुरानं मरतीन."

पलीकडे खडबड झाली, आणि भिंतीवर वहिनींचं डोकं उगवलं. त्यांच्या बाजूलाही धुण्याचा दगड होता, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दोन्ही जावा समोरासमोर, मध्ये वीतभर भिंत.

"कुठी?"

"थे पाहा. शेवग्याच्या अल्याड."

तेवढ्यात मादी आली. दोन तोंडं वर आली, तिनं काहीतरी कोंबलं आणि गेली.

"अवं माय! करंगळीएवढी तं हाय. त्यात दोन पोट्टे?"

"दोन."

"अन् बाप कुठी हाय?"

"थो तिथी. स्कूटरच्या आरशापाशी."

वहिनींनी आरशाकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायचं काय कारण होतं, मला समजलं नाही.

"आन तुहा चीक," त्या म्हणाल्या. "पहाटेच आन. ऊन चढायच्या अंदर पातेलं उतरलं पाह्यजे." खाली उतरता उतरता थांबल्या. "पानी काढलं ना नीट?"

मी डोळे मिटले.

"उद्या तुम्हीच पाहा," मंगल म्हणाली.

पहाटे घागर मीच पोचवली आणि मला परत पाठवण्यात आलं. माझी नेमणूक घरट्यापाशी. पलीकडून चुलीचा धूर सरळ वर जाताना दिसत होता. वारा आमच्याकडे नव्हता, हे नशीब. हिंगाचा वास आला. पातेल्यात फिरणाऱ्या लाकडी दांड्याचा घुर्रघुर्र आवाज आला. मग बायकांचा हसण्याचा एक लोंढा आला, आणि त्यात मंगलचं हसू मला वेगळं ओळखू आलं. या भिंतीपलीकडून ते मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं. इकडे मादी कोळी आणत होती. नरही आता अळ्या आणू लागला होता. आरसा त्यानं सोडला होता. जबाबदारी पडली की पुरुष सुधारतो, ही गोष्ट मला उत्साहवर्धक वाटली. मध्येच भिंतीवरून एक ताटली आली. गरम चीक, वर कच्चं तेल. "तुम्हाले. वॉचमनले," वहिनींचा आवाज. तोंड भाजलं, तरी खाल्ला.

कुरोड्यांच्या रंगाबद्दल त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही. आमच्या वहिनी न बोलल्या म्हणजे रंग चांगला आला, असा त्याचा अर्थ.

भिंत आहे तिथेच आहे. ती पडली, सगळे एक झाले, असं काही झालं नाही. इतकंच की त्यानंतर संध्याकाळी दोन्ही दगडांवर कोणी ना कोणी उभं असे आणि "आज काय खाऊ घातलं वं?" अशी चौकशी होत असे. सुरुवात पाखरांपासून व्हायची आणि अर्ध्या तासानं गावातल्या कोणाच्यातरी सुनेपाशी संपायची.

पिल्लं वाढली. आधी नुसती तोंडं, मग तोंडामागे डोळे, मग दारातून बाहेर येणारी छाती. घरटं आता त्यांना पुरत नव्हतं. तार सारखी हलायची. मी सकाळ-संध्याकाळ खुर्चीत. परीक्षेचे पेपर बांधायचे होते, तेही तिथेच बसून बांधले. आई चोचीत अळी घेऊन यायची आणि द्यायची नाही. जवळच्या फांदीवर बसून बोलवायची. मी मंगलला म्हटलं, "उपाशी काऊन ठेवून राह्यली?" ती तांदूळ निवडत राहिली.

आखाजीच्या दोन दिवस आधीची सकाळ. ऊन नुकतं भिंतीवरून खाली उतरलं होतं. एक पिल्लू दाराच्या पागोळीवर येऊन बसलं होतं. पंख उघडायचं, मिटायचं. आज! आणि व्हिडिओ! फोन आत चार्जिंगला. मी चपला न घालता धावलो. वायर ओढली, फोन उचलला, चष्मा सापडेना, चष्मा डोळ्यावरच होता. बाहेर आलो, तर तार संथ हलत होती. घरटं रिकामं.

मंगल पायरीवर बसली होती. मांडीवर तांदळाचं ताट. हात ताटात तसेच थांबलेले. नजर वर, वहिनींच्या कडुनिंबात.

"गेले?"

"गेले. एक सरळ तिकडे गेलं, निंबावर. दुसरं आधी तुळशीवर पडलं. मले वाटलं, झालं. मंग भिंतीवर. मंग मायेच्या मांगं."

दीड महिना. पाडकाम मी केलं, काट्या मी बांधल्या, आरशाला मोजे मी घातले, आणि उडताना मी आत! पल्लवीला आता काय दाखवू, रिकामी तार? मी चिडून म्हटलं, "इतकं सारं तू एकटीनं पाह्यलं. मले एक हाक माराले काय झालं होतं तुले?"

तिनं ताटातला एक खडा वेचला, बाजूला टाकला, आणि वरची नजर न काढता म्हणाली,

"तुम्हाले हाक मारली असती, तं तुम्ही त्यायले मारली असती. निंगालेल्याले मांगून हाक नाही मारत."